घोटा, गुडघा, कंबर

“आज नांगराला सुट्टी,” कॅप्टन देवस्थळींनी सकाळच्या चहालाच सांगून टाकलं. “चारची भरती. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात आणि सरळ वाळूवर. परत कुठं यायचंय आपल्याला?”

कुणी हसलं नाही. आम्ही उरलो होतो अकरा जण. एके काळी त्याच जेवणघरात बसायला जागा मिळत नसे, पाळीपाळीनं जेवावं लागे. तांडेलांनी कप उपडा घातला, बाकावरची घोंगडी उचलली आणि ती झटकायला वर निघून गेले.

‘सुसर’ हे आमच्या जहाजाचं नाव. मोठ्या महायुद्धात विलायतेत कुठंतरी घाईघाईनं बांधलेलं, मग हातपालट होत होत आमच्याकडे आलेलं. त्याचं काम एकच. रणगाडे आणि जवान पोटात घालायचे, थेट किनाऱ्यावर चढायचं, तोंड उघडून फळी टाकायची, सगळ्यांना उतरवायचं आणि मागं सरकून पुन्हा पाण्यात जायचं. बाकीची जहाजं जमिनीला भितात, आमची सुसर जमिनीवर चालून जायची. त्यासाठी तिचा तळ सपाट ठेवलेला, म्हणून ती साध्या वाऱ्यातही इतकी लोळायची की नवा माणूस दोन दिवस अन्नाला शिवत नसे. लढाया काय रोज होत नाहीत. मधल्या वर्षांत तिनं खेचरं नेली, पुराच्या वेळी तांदूळ नेला, एकदा तर एका बेटावरच्या शाळेचे पत्रे आणि बाकं नेली. आता तिचे पत्रेच इतके विरले होते की रंग खरवडताना हात आपोआप हलका पडायचा. सौराष्ट्राकडच्या एका किनाऱ्यावर जहाजं तोडायचं काम चाले. तिथं तिला शेवटचं चढवायला आम्ही निघालो होतो.

किनाऱ्यावरून परत फिरायला लागायचा तो मागचा नांगर. किनारा तीन-चारशे हात राहिला की तो मागून सोडायचा आणि त्याचा तारेचा दोर मोकळा पळू द्यायचा. माणसं उतरली की विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, तोच दोर ओढायचा, म्हणजे जहाज स्वतःलाच वाळूवरून मागं खेचून घेतं. त्या विंचवर मी, लवू रेवंडकर, तेरा वर्षं होतो. नांगराला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी. पण मला ती नको होती. मला तांडेलांना एक गोष्ट सांगायची होती. ती नऊ वर्षं सांगायची राहिली होती आणि आता तिला दुपारी चारपर्यंतचाच वेळ होता.

मी वर गेलो. तांडेल पुढच्या टोकाला घोंगडीवर मांडी घालून बसले होते.

धोंडू पराडकर हे त्यांचं नाव. मालवणचे गाबीत, म्हणजे मासेमार, माझ्याच वाडीतले, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. कागदावर त्यांचा हुद्दा काहीतरी इंग्रजी होता, पण घरच्या होड्यांवर खलाशांचा म्होरक्या असतो तसा हा आमचा तांडेल, म्हणून अधिकारीसुद्धा त्यांना तसंच म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढं सरकली, बिल्ले लावून मोठ्या जहाजांवर गेली. तांडेल मात्र नऊ वर्षं होते तिथंच राहिले. का राहिले हे जहाजावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

“बस,” ते म्हणाले. “घोंगडी टोचता, पण सवय झाली की बरी वाटता.”

“गरमीत घोंगडी घेवन बसणारो दर्यावर्दी तुमीच एकटे, तांडेलांनू.”

“म्हातारी विचारता मां, वापरतंस की पेटयेत घालून ठेवलंस. तिका खोटा कसा सांगू?”

म्हातारी म्हणजे माणदेशातल्या एका धनगरवाड्यावरची, लढाईत गेलेल्या भिकू शेंडगे या जवानाची आई. तिच्याकडे तांडेल दर वर्षी रजेचे आठ दिवस जायचे. पहिल्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी सुके बोंबील नेले होते. एसटीत कंडक्टरनं तोंड केलं आणि वाड्यावरची सगळी कुत्री मागं लागली. तेव्हापासून ते सोलं आणि नारळ न्यायचे. ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. पण त्या पहिल्या दिवशी म्हातारी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि संध्याकाळी भाकरी मात्र पुढ्यात सरकवली होती, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

“तिसऱ्या वर्सापासून पायावर पाणी घालता,” ते म्हणाले. “थय पाणी कोसभर लांबसून आणूचा लागता, लवू. पिवक पुरणा नाय. आणि ही बाय आख्खो तांब्यो माझ्या पायार वतता. मी नको म्हणतंय तर रागावता.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते पुढं बोलले.

“आता सुटलंय मां नोकरीतसून. मी थयच जावन रवतलंय.”

“कायमचे?”

“दोन एकर जमीन आसा तिची. उताराची. पावस पडता तेवडो सगळो व्हावन जाता. मी गेल्या दोन वर्सांत दगडांचो बांध घालूक घेतलंय, अर्दो झालो. तो पुरो केलो तर बाजरी तरी व्हयत. तिका दुसरा कोण आसा?”

“आणि मालवण? तुमचा घर? भावाची पोरां?”

“भाव बघीत.”

“तुमी समुद्राशिवाय रवश्यात?”

तांडेल पाण्याकडे बघत राहिले. “पुरे झालो समुद्र,” म्हणाले. “माझ्यान एक झिल, एक पोरगो, गेलो तिचो. मग दुसरो नको येवक?”

नऊ वर्षांत मी अनेकदा गप्प बसलो होतो आणि गप्प बसायची सवय लागली की तिचं ओझं कळेनासं होतं. पण हे नवं होतं. हा माणूस आता उरलेलं सगळं आयुष्य, घर, गाव, समुद्र सोडून, एका कोरड्या माळावर दगड रचत काढणार होता, आणि ते माझ्यामुळे.

“तांडेलांनू—” मी म्हणालो.

“लवू रेवंडकर, इंजिनात,” भोंग्यातून हाक आली. मी गेलो. खरं सांगतो, हाक आली म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

*

नऊ वर्षांपूर्वीची लढाई. पूर्वेकडचा एक किनारा, सकाळची भरती. सुसरीच्या पोटात दीडशे जवान होते, सगळे घाटावरचे. त्यातल्या निम्म्यांनी त्या आठवड्यापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. वाटेत ते ओकून ओकून अर्धे झाले. भिकू शेंडगे त्यातलाच एक, उंचीनं लहान, कान मोठे. तांडेल त्याला सोलाचं सार पाजायचे आणि चिडवायचे, “मेल्या, मेंढरां राखूची सोडून हय कित्याक इलंस?” तो म्हणायचा, “मेंढरं अशी हालत न्हाईत, तांडेल.”

आमच्या जहाजावर एक रीत होती. सरावाला किनाऱ्यावर चढलो की उतरणारा शेवटचा जवान फळीवरून ओरडून सांगायचा, पाणी कुठवर लागलं ते. घोटा, गुडघा, कंबर. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला एक काळा चौकोन रंगवलेला होता, त्यावर तांडेल खडूनं तो शब्द लिहायचे. घोटा आला की सगळ्यांना रम, कंबर आली की तांडेलांच्या शिव्या. ‘कोरडे’ हा शब्द तिथं कधीच आला नव्हता. लोक चेष्टेनं म्हणत, कोरडे लिहाल त्या दिवशी सुसर पेन्शनीत जाईल.

त्या सकाळी तांडेल पुढं फळीशी होते, हातात खुणा केलेला लांब बांबू, पाणी मापायला. मी मागं विंचवर एकटा. धूर होता, लांब कुठं दोनतीन गोळे पडले. मी नांगर सोडला. दोर मोकळा पळत होता. जहाज पुढं गेलं, थोडं खरवडलं आणि थांबलं. पुढून तांडेलांचा आवाज आला, “कंबर!” फळी पडली. पहिली रांग उतरली, सहा-सात पावलं चालली आणि पायाखालची वाळू संपली. आम्ही किनाऱ्याला लागलोच नव्हतो. किनाऱ्याच्या अलीकडे वाळूचा एक पट्टा होता, त्यावर बसलो होतो. पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये दोन पुरुष खोल घळ होती. पाठीवर तीस-तीस शेराचं ओझं आणि पोहता येत नाही. अकरा जण त्या घळीत गेले. तांडेलांनी बुटांसकट उडी टाकून सहा ओढून काढले. पाच बुडून मेले. भिकू सगळ्यांत पुढं होता, त्याचं प्रेत ओहोटीला सापडलं.

आम्ही मागं सरकलो, दुसरीकडे चढलो, बाकीच्यांना नीट उतरवलं. चार दिवसांत लढाई संपली. आम्ही उतरवलेल्यांना कुणाशी लढावं सुद्धा लागलं नाही.

चौकशी झाली. मापणाऱ्यानं फळीपुढची जमीनही मापायला हवी होती, असं ठरलं. तांडेलांनी एका वाक्यात कबूल केलं, “माझी चूक.” मलाही एक प्रश्न विचारला होता. दोर मोकळा होता? मी म्हणालो, होता, साहेब.

*

दुपारी जेवणं आटोपली. किनारा दिसू लागला होता. लांबवर तोडलेल्या जहाजांचे सांगाडे, मधे मोकळी वाळू, तिच्यावर दोन लाल बावटे. त्या दोहोंच्या मधून आम्हाला जायचं होतं.

तांडेल पोटातल्या मोकळ्या जागेत, पुढच्या दाराशी होते. तो काळा चौकोन ते ओल्या फडक्यानं पुसत होते. तिथं शेवटचा शब्द होता ‘गुडघा’, कुठल्याशा सरावाचा.

“ह्यां कित्याक पुसतास?” मी विचारलं. “आता कोण बघतलो?”

“घाण कित्याक ठेवची?”

मी तिथंच उभा राहिलो. खाली इंजिनाचा थरथराट पायांना जाणवत होता.

“तांडेलांनू, त्या दिवशी जहाज आपणहून थांबला नव्हता.”

“कुठल्या दिवशी?” असं त्यांनी विचारलं नाही. फडकं हातात धरून ते माझ्याकडे वळले.

“पाठसून लाट इली,” मी म्हणालो. “मोठी. पाठ उचालली. आणि माझे हात ब्रेकार गेले. मी दोर धरलंय, तांडेलांनू. आवळलंय. माका कळाकसुद्दा नाय. खाली बघतंय तर ब्रेक माझ्या हातात आणि दोर टणटण वाजता. सोडलंय मगे, पण तोपर्यंत जहाज बसला होता. दोरार रंगाच्या खुणा होते, सरावाक जितको दोर जाय तेच्या निम्मो पण गेलो नव्हतो. तसाच पळाक दिलंय असतंय तर आपण तो पट्टो कापून पार वर गेलो असतो. सरावाक किती येळा गेलव.”

हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे होडी लाटांतून किनाऱ्याला लावताना मागच्या माणसाच्या हातात दोर असतो, त्याचं टोक मागं पाण्यात दगडाला. मागून लाट आली, होडीची पाठ उचलली, की तो दोर आवळायचा. नाहीतर होडी आडवी होते आणि उलटते. माझ्या बापानं मला सातव्या वर्षी ते शिकवलं होतं, पाठीत गुद्दे घालून. लाट पाठीक इली की दोर धर. नौदलानं पुढं मला बरोबर उलटं शिकवलं आणि सरावात मी ते कधी चुकलो नाही. त्या एका सकाळी धुरात, गोळ्यांच्या आवाजात, माझे हात बापाचे झाले.

“किती येळ?” तांडेलांनी विचारलं.

“दहा मोजूक लागतत तितको.”

“दहा.” ते खाली लोखंडावर बसले. घोंगडी खांद्यावर होती ती मांडीवर घेतली. “बापाशीन शिकयलेला?”

“होय.”

“माका पण तांच शिकयलेला,” ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. माफ केलं. माणूस किती लवकर स्वतःला सोडवून घ्यायला बघतो.

“नऊ वर्सां, लवू.”

“होय.”

“माझ्या ताटात जेवलंस.”

“होय.”

“चौकशीच्या दिवशी बोललंस नाय, तां मी समजतंय. ल्हान होतंस, भियालंस. पण मगे? पयल्या वर्सी मी थय जावक निघालंय, तू माका स्टँडार सोडूक इल्लंस. नारळाची पिशवी तू धरलंस.”

ते रागावतील, मारतील, कॅप्टनकडे नेतील, या सगळ्याची मी नऊ वर्षं तयारी केली होती. ते यातलं काहीच करत नव्हते. ते घोंगडीचे काळे दोरे बोटांनी सारखे करत होते आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका थकलेला दिसत होता.

“मगे मी थय खयच्या नात्यान जातंय?” ते म्हणाले. “तां सांग माका. मी तिका पयल्याच दिवशी सांगितलंय, आवशी, तुझो झिल माझ्या हातान गेलो. त्याच्यार ती माका भाकरी देता. त्याच्यार पाणी घालता. आता तो माझ्या हातान गेलोच नाय, तर मी कोण तिचो? बोंबील घेवन इल्लो कोणतरी मालवणचो माणूस?”

“तुमची चूक नव्हती, तांडेलांनू. इतक्या वर्सांनी तरी—”

“चुकीर मी घर बांधलेलंय रे,” ते म्हणाले. “आता तू सांगतंस, ती जमीन माझी नाय, तुझी.”

त्यांचे डोळे भरले नव्हते. माझे भरले. मला त्या क्षणी वाटलं, आजही बोललो नसतो तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं की हेच मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय.

वरून घंटा झाली. पाऊण तास राहिला होता.

*

तांडेल उठले आणि सरळ कॅप्टनकडे गेले. मी मागोमाग.

“साहेब, मागचा नांगर सोडायचा आहे.”

“आता? कशासाठी?” देवस्थळी दुर्बिणीतून बावटे बघत होते. “परत ओढायचंच नाही तर नांगर कशाला? उगाच वेग मारेल.”

“वेग नाही मारणार. दोराचं टोक मोकळं करून ठेवतो. सगळा जाईल.”

“तांडेल, काय चाललंय?”

“एकदा नीट सोडायचा आहे, साहेब.”

देवस्थळी त्या लढाईच्या वेळी आमच्या जहाजावर नव्हते. पण जहाजावर दोन वर्षं काढलेला माणूस होता. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. “सोडा,” म्हणाले आणि पुन्हा दुर्बीण लावली.

बाहेर आल्यावर तांडेल मला म्हणाले, “पाठी जा. लाट येतली. येवंदे. हात लावशीत तर बघ.” एवढंच.

मी विंचपाशी गेलो. दोराचं आतलं टोक खिटी काढून मोकळं केलं. इंजिनांचा आवाज चढत गेला. सुसर इतकी म्हातारी झाली होती तरी तिनं वेग घेतला, पत्रे खडखडायला लागले, कुठंतरी एक दार आपटत राहिलं. शिट्टी झाली. मी नांगर सोडला. दोर पळायला लागला, पन्नासाची खूण गेली, शंभराची गेली. आणि मग मागून ती आली. मला दिसायच्या आधी पायांना कळली. पाठ उचलली गेली.

माझे हात गेले. खोटं सांगत नाही, गेलेच. ब्रेकच्या चाकापासून वीतभर अंतरावर मी ते थांबवले आणि दोन्ही हात मागं नेऊन कमरेच्या पट्ट्यात खुपसले, एखाद्या कैद्यासारखे. मोठ्यानं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. लाट खालून निघून गेली. सात, आठ. दोर पळतच होता. दहा म्हटलं तेव्हा दीडशेची खूण गेली होती. आणखी थोडं मोजलं आणि दोराचं टोक चाबकासारखं उसळून पाण्यात गेलं. ड्रम रिकामा फिरत राहिला.

सुसर वाळूवर चढली. तेरा वर्षांत मी तिला इतकी वर गेलेली पाहिली नव्हती. खाली तळ फाटल्याचा आवाज झाला आणि मग इंजिनं बंद झाली. इतकी शांतता त्या जहाजावर मला माहीत नव्हती.

मी धावत पुढं गेलो. दार उघडलं होतं, फळी पडली होती. फळीपुढं वाळू होती. तिच्यावर भरतीनं टाकलेला कचरा वाळून कडक झालेला होता, म्हणजे पाणी तिथवर रोज येतच नव्हतं. तांडेल फळीवरून खाली उतरले. बूट घातलेले. सहा-सात पावलं चालले आणि थांबले. थोडा वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग परत वर आले, दाराशी गेले आणि पुसलेल्या चौकोनावर खडूनं लिहिलं, ‘कोरडे’.

कुणी रमची आठवण काढली नाही.

त्यांनी घोंगडीची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“ही तिका परत दी. आणि काय झाला तां तूच सांग. मी मालवणाक जातंय.”

“तुमी चला माझ्यावांगडा.”

“माका थय काम नाय आता,” ते म्हणाले.

*

चैत्रात मी गेलो. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन कोस चाललो. उन्हानं माळ पांढरा पडला होता. वाड्यापाशी उताराचं एक शेत होतं, त्याच्या अर्ध्या अंगाला दगडांचा बांध होता. तो इतका नेटका रचला होता की कुणी रचला ते विचारावं लागलं नाही. पुढं दगडांचा ढीग तसाच पडला होता.

म्हातारी दारात लोकर पिंजत बसली होती. बारीक, काळी, मोठ्या कानांची. तिनं आधी घोंगडी पाहिली, मग मला.

“धोंडू कुटं हाय?”

“मालवणला आहेत, मावशी. बरे आहेत.”

“मंग तू कोन?”

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पाहुण्यासाठी. मी म्हणालो, थांबा, आधी ऐका. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाट, दोर, दहा आकडे, चौकशीतलं खोटं. तिला विंच म्हणजे काय ते कळलं नसेल, पण मधे एकदाही तिनं काही विचारलं नाही. मी संपवलं तेव्हा तांब्या तिच्या हातातच होता. माळावर कुठंतरी मेंढ्या ओरडत होत्या.

“ह्ये धोंडूला कवा कळलं?” तिनं विचारलं.

“शिमग्यात. म्हणून ते आले नाहीत. म्हणाले, आता कुठल्या नात्यानं जाऊ?”

“नात्यानं?” म्हातारीला राग आला, तो तिच्या मानेवर दिसला. “नातंबितं मला काय कळत न्हाई. बांद अर्दा टाकून ग्येलाय त्यो. पाऊस आला की हाय ती माती बी जाईल. त्येला म्हनावं, मिरगाच्या आत यिऊन पुरा कर. आन ही घोंगडी माघारी घिऊन जा. दिलेलं माघारी घ्यायाची रीत न्हाई आमच्यात.”

तो निरोप मी पोचवला. तांडेलांनी घोंगडी घेतली, माझ्याशी बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोलांची पिशवी घेऊन स्टँडवर उभे होते. त्या वेळी पिशवी धरायला मी गेलो नाही. हे पुढचं झालं.

त्या दुपारी म्हातारी निरोप सांगून झाल्यावरही दारातच उभी होती. माझ्या पायांकडे बघत होती. धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. तांडेलांच्या पायांवर ती स्वतः पाणी घालायची, हे मला ठाऊक होतं. तिनं तांब्या दारातल्या दगडावर ठेवला.

“तुजं तू धू,” म्हणाली आणि आत गेली.

मी खाली बसून माझे पाय माझ्या हातांनी धुतले. अर्धा तांब्या पाणी राखलं आणि तो तसाच दगडावर ठेवला.